डोक्यातला काथ्या

हात मोडायचा असेल तर सळई नेमकी कुठे बसली पाहिजे, हे बाबांनी मला दुधी भोपळ्यावर शिकवलं.

"मनगटाच्या वर चार बोटं," ते म्हणाले. "हितं. खाली मारलंस तर नुसतं सुजतंय. वर मारलंस तर आठ दिवसांत बरं हुतंय."

भोपळा ओट्यावर आडवा ठेवला होता. मी सळई उचलली आणि मारली. एक तुकडा ओट्यावर राहिला, दुसरा पिठाच्या डब्यामागे गेला.

"झ्याक," बाबा म्हणाले. "आता डोळं उघडं ठिवून मार."

आई दारात उभी राहून बघत होती. तिनं दुसरा भोपळा द्यायला साफ नकार दिला आणि पहिल्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. ती खाऊनच मी दिनकरकाकाचा हात मोडायला निघालो.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. वार सोमवार होता आणि भांडणाचं ताजं कारणही तेच होतं. रेठवडीत सोमवारी सगळी सलून बंद असतात. एसटी स्टँडसमोर आमचं 'काशीद हेअर ड्रेसर्स'. दोन महिन्यांपूर्वी काका सतरा वर्षांनी गावात परतला आणि रस्त्याच्या बरोबर पलीकडे त्यानं गाळा घेतला. पाटीवर नाव तेच. आडनाव एकच असल्यावर माणूस करणार काय. पण तो सोमवारी दुकान उघडायचा आणि मंगळवारी बंद ठेवायचा. वापीला मंगळवारी सुट्टी असते, तीच सवय लागली, असं तो म्हणायचा. बाबांच्या मते हा सरळसरळ हल्ला होता.

जुनं कारण माझ्या डोक्यावर होतं.

माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्ये, काडेपेटीएवढा केसांचा एक तुकडा आहे. बाकीचे केस आईसारखे. मऊ, सरळ, तेलाशिवाय बसणारे. हा तुकडा मात्र घरात कुणाच्याच वळणावर गेलेला नाही. हाताला काथ्या लागावा तसा लागतो. त्यातले केस एकमेकांशी बोलणं सोडल्यासारखे चारी दिशांना उगवतात. कंगव्याचे दात मोडतात. शाळेत मागच्या बाकावरचा राजाराम तास सुरू झाला की त्यात पेन्सिल खोचायचा आणि लागेल तेव्हा काढून घ्यायचा. पेन्सिल कधी पडली नाही. ह्या तुकड्याला एरंडेल लावून झालं, कोरफड झाली, दही झालं. आत्यानं कांद्याचा रस सांगितला, तेव्हा दहावीचं अख्खं वर्ष मी भज्यांच्या गाड्यासारखा वास घेऊन हिंडलो.

पण मशीन नाही. वस्तऱ्याचं तर नावच काढायचं नाही. बाबा स्वतः दर पंधरा दिवसांनी, दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं खाली ठेवून, तो तुकडा कात्रीनं बारीक करायचे. बरोबर दोन बोटं उंची ठेवायची. त्याच्या खाली केसही जाणार नाही.

"जखमंवरचं केस हायत ते," ते म्हणायचे. "कातडी उघडी पडली तर चिघळंल."

सतरा वर्षांपूर्वीची जखम आता कशी चिघळेल, असं मी एकदा विचारलं. थोबाडीत बसली. दुसऱ्या हातात कात्री होती म्हणून एकच बसली.

जखम माझ्या जावळातली. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं आणि वस्तरा ज्याच्या हातात, त्याचा मान. आमच्या घराची अडचण अशी होती की वस्तरा दोघांच्या हातात होता. बाबा म्हणाले, पोरगं माझं. दिनकरकाका म्हणाला, चुलता हजर असताना बाप स्वतःच्या पोराच्या डोक्याला वस्तरा लावतोय, लोक काय म्हणतील. सकाळी सातला सुरू झालेला वाद साडेनऊपर्यंत चालला. शेवटी आजोबांनी निकाल दिला. बबननं, म्हणजे बाबांनी, उजवीकडून सुरू करायचं, दिनकरनं डावीकडून, आणि मागं मध्यावर भेटायचं.

दोघं मध्यावर एकदमच पोचले. सात टाके पडले. मामा रक्त बघून बेशुद्ध झाला, आणि मी त्याच्या मांडीवर तसाच.

वस्तरा कुणाचा लागला, हे गावानं तिथल्या तिथं ठरवलं. दिनकरकाका डावखुरा होता. शुभकार्याला डावा हात लावल्यावर दुसरं काय होणार? बाबाही म्हणाले, "दिन्याचा हात घसरला." तेव्हा दोघांचं दुकान एकच होतं, खुर्च्या दोन. लोक काकाच्या खुर्चीवर बसायचे बंद झाले. दाढीसाठी माणूस हनुवटी वर करतो, ती विश्वासावर करतो. सहा महिन्यांत काका वापीला निघून गेला.

म्हणून डावा हात मोडायचा होता.

"तुम्हीच का जात न्हाई?" मी निघताना विचारलं.

"मी गेलो तर भावाभावाचं भांडण म्हणतील," बाबा म्हणाले. "तू गेलास तर न्याय म्हणतील. डोकं तुझं हाय."

ते आमच्या दुकानात अर्ध्या शटरखाली स्टूल टाकून बघत बसले. मी रस्ता ओलांडला.

काकाच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. एकीत ज्ञानूआप्पा फडतरे, वय सत्तर, तोंडाला दाढीचा फेस लावून डोळे मिटून बसलेले. दुसरी रिकामी. शटर ओढायची लोखंडी सळई मी पेपरात गुंडाळून आणली होती, पण तिचा आकडा वर दिसत होता.

"ये, हर्षद," काका म्हणाला. आम्ही त्याआधी एक शब्दही बोललो नव्हतो. "शटरची का?"

"व्हय."

"बाबानं दिली?"

"व्हय."

"कुठला?"

"डावा."

गिऱ्हाईक 'मिडियम' म्हणालं की कारागीर जशी मान हलवतो, तशी काकानं हलवली. मग नॅपकिननं खुर्ची झटकली. "मग कटिंगच्या आधी का नंतर?"

मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भोपळ्यानं काही विचारलं नव्हतं.

"कसली कटिंग?"

"तुझी," काका म्हणाला. "हे बघ, मी काय पळत न्हाई. चूक माझी हाय, हात माझा हाय, तू मार. पर सतरा वर्षं तुझं डोकं माझ्या डोळ्यांम्होरं हाय. एकदा बघू दे काय करून ठिवलंय मी. नीट करता आलं तर करतो. मग खुशाल मार. हात मोडल्यावर कसं करणार?"

"पोरा, आधी कटिंग करून घे," ज्ञानूआप्पा डोळे न उघडता म्हणाले. "आन् मारामारी माझ्या दाढीनंतर. मी आधी आलोय."

मी बसलो. सलूनवाल्याचा मुलगा आहे. कुणी खुर्ची झटकली की माझे गुडघे आपोआप वाकतात. काकानं माझ्या गळ्याला कापड बांधलं. सळई कापडाखाली मांडीवर राहिली. आता ती बाहेर काढायची तर आधी कापडाची गाठ सोडायला लागणार होती, आणि गाठ मागे काकाच्या हातात होती. बाबांनी ह्याचाही सराव करून घ्यायला हवा होता.

समोर आरसा होता. आरशात रस्ता दिसत होता, आणि पलीकडे आमचं अर्धं शटर, आणि शटरखाली बाबांचे पाय. एक पाय सारखा हलत होता.

काकानं कात्री चालवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की काहीतरी उलटं चाललंय.

"तुम्ही डावखुरे ना?"

"हुतो."

"मग उजव्यानं कापताय?"

"वापीला गेल्यावर पहिलं वर्ष डावा हात पट्ट्याला बांधून काम केलं. कात्री उजव्यात. लई गिऱ्हाइकांचं कान गेलं त्यात," काका म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "थोडंथोडं गेलं. सबंध न्हाई. आता डाव्यानं फकस्त उजव्या हाताची नखं काढतो."

म्हणजे मी जो हात मोडायला आलो होतो, तो सतरा वर्षं बंदच होता. हे बाबांना माहीत असतं तर त्यांनी दुसरा सांगितला असता. मी विचारायला जावं का, असाही विचार आला.

डाव्या बाजूचे केस कापून झाले आणि काकाची बोटं त्या तुकड्यावर येऊन थांबली. त्यानं तो चिमटीत धरला, सोडला, अंगठ्यानं उलटा दाबून बघितला.

"काथ्या झालाय निस्ता," तो म्हणाला. "ह्याला मशीन लावतो का तुझा बाप?"

"न्हाई. कात्री. दोन बोटं ठेवून."

"वस्तरा?"

"कधीच न्हाई."

"का?"

"चिघळतंय म्हणे."

 काकानं वस्तऱ्यात नवीन पान घातलं, तुकड्यावर पाणी मारलं, फेस लावला. मी सळई घट्ट धरली. माझ्या डोक्याला दुसऱ्यांदा तो माणूस वस्तरा लावत होता आणि पहिल्यांदाचं मला आठवत नसलं तरी डोक्याला आठवत असावं. मानेवर सगळे केस उभे राहिले. वस्तरा खरवडत खाली आला. एकदा, दोनदा, तीनदा. काथ्याचे पुंजके कापडावर पडले.

मग वस्तरा थांबला, आणि बराच वेळ थांबून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हर्षद," काका म्हणाला. "हे माझं न्हाई."

"काय न्हाई?"

"ही जखम. ही माझी न्हाई."

आता हे तर कुणीही म्हणेल. मीसुद्धा म्हटलं असतं. हात मोडायची वेळ आली की जखम दुसऱ्याची. माझं डोकं असं फिरलं की गाठबीठ काही सुचलं नाही. कापडासकट उठलो, सळई कापड फाडून बाहेर आली आणि मी फिरवली. आकडा कापडात अडकल्यामुळे तिनं स्वतःचाच रस्ता धरला आणि आरसा गेला. सगळा आरसा एकदम खाली आला. पावडर, ब्रश, फवाऱ्याची बाटली, सगळं.

"ए!" ज्ञानूआप्पा म्हणाले. "फेसात काच पडली माझ्या!"

दुसरा फटका काकाच्या खांद्यावर बसला. तो भिंतीवर आपटला. तिसऱ्याला त्यानं डावा हात आडवा धरला. मुद्दाम धरला की सवयीनं, माहीत नाही. समोर मनगट, मनगटाच्या वर चार बोटं, अगदी भोपळा. मी सळई उगारली आणि काकानं मला सणसणीत मुस्काटात मारली. वस्तरा त्याच्या उजव्या हातातच होता हे आम्ही दोघंही विसरलो होतो. मारलं डाव्यानं, पण झटापटीत उजवा माझ्या कानाला लागून गेला. मानेवरून गरम काहीतरी ओघळलं.

"झालं समाधान?" काका ओरडला. त्यानं वस्तरा फेकून दिला. "ही माझी. ही कानावरची. ही घे माझ्या नावावर! पर ती मागची माझी न्हाई!" त्यानं माझं डोकं काखेत दाबून धरलं, माझाच हात पकडला आणि माझं बोट माझ्या डोक्याच्या मागे नेऊन टेकवलं. "हात लाव! हितं खड्डा लागतोय?"

"सोडा!"

"लागतोय का न्हाई?"

लागत होता. अठरा वर्षांत मी त्या कातडीला पहिल्यांदाच हात लावत होतो. गुळगुळीत, थंड, वाटाण्याएवढा खड्डा.

"हे जखमंचं डोकं. वस्तरा टेकतो तिथं खोल जातो. आता पुढं ने." त्यानं माझं बोट पुढे ओढलं. खड्डा उथळ झाला, बारीक झाला, रेघ झाली. "आन् ही शेपटी. वस्तरा निसटत जातो तिथं. कुठं चाललीय शेपटी? बोल. तू काशीदाचा पोरगा हायस, तुझ्या बापानं तुला एवढं तर शिकवलं आसंल."

बाबांनी शिकवलं होतं. उजव्या हातातला वस्तरा घसरला तर शेपटी उजवीकडे जाते, डाव्यातला घसरला तर डावीकडे. नवीन कारागीर कामाला लागला की गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरच्या खुणा बघून बाबा सांगायचे, आधीच्या दुकानात कुणाच्या हाताखाली होतास ते. त्यांना जखमा वाचता यायच्या. गावात त्यांच्याइतक्या कुणालाच यायच्या नाहीत.

माझं बोट उजव्या कानाकडे चाललं होतं.

"मलाबी वाटलं माझाच," काका म्हणाला. त्यानं माझं डोकं सोडलं होतं, पण मी वाकलेलाच राहिलो. "दोघांचं वस्तरं एकदम तिथं. रक्त आलं. बबन म्हणला, दिन्या तुझा घसरला. म्हटलं, आसंल. मोठा भाऊ म्हणतोय."

मी बाहेर बघितलं. आरसा नसल्यामुळे मान वळवावी लागली. समोरच्या शटरखाली पाय नव्हते.

बाबा दारात उभे होते. हातात त्यांचा जुना, मुठीचा वस्तरा होता, आजोबांचा. ते काकाकडे बघत नव्हते, फुटलेल्या आरशाकडे नाही, माझ्या कानावरून वाहणाऱ्या रक्ताकडेही नाही. मी वाकलेला होतो, त्यामुळे माझ्या डोक्याची मागची बाजू नेमकी त्यांच्याकडे होती.

"कुणी सांगितलं हुतं तुला वस्तरा लावून घ्यायला?" ते हळू म्हणाले.

"बाबा," मी म्हणालो, "शेपटी उजवीकडं हाय."

 ते माझ्या बाजूनं गेले आणि काकाच्या अंगावर धावले.

मी मारामाऱ्या बघितल्या आहेत. यात्रेतल्या, कॉलेजातल्या, लग्नातल्या. पण दोन कारागिरांची मारामारी वेगळी असते. ओरडत नाहीत. कुठे कापायचं ते दोघांनाही माहीत असतं आणि कसं चुकवायचं तेही. बाबांचा वस्तरा काकाच्या गळ्याकडे गेला, काकानं उजवा हात मध्ये घातला. कोपरापासून मनगटापर्यंत सदऱ्याची बाही सरळ रेषेत उघडली आणि मग ती रेघ लाल झाली. काका मागे सरकत ज्ञानूआप्पांच्या खुर्चीवर पडला. खुर्ची आप्पांसकट गरकन फिरली. फेस, काच, रक्त.

"बबन, माझ्या गळ्याला लागंल!" आप्पा किंचाळले. तरी उठले नाहीत.

काकाची हनुवटी वर झाली होती. दाढीला होते तशी. बाबांनी वस्तरा पुन्हा वर नेला.

मनगटाच्या वर चार बोटं.

सळई अजून माझ्या हातात होती. डोळे उघडे ठेवून मारलं. आवाज भोपळ्यापेक्षा लहान झाला. वस्तरा काचांत पडला, आणि बाबा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसले. वर बघून, अगदी मनापासून समजावून सांगत असल्यासारखे म्हणाले, "आरं, माझा न्हाई! त्याचा!"

तालुक्याचा सरकारी दवाखाना चौदा किलोमीटर. आम्ही माझ्या मोटारसायकलवर तिघं गेलो. पुढे मी, कान बांधायला काकानं नॅपकिन डोक्याभोवती गच्च गुंडाळलेला. मध्ये मोडका हात घेऊन बाबा. मागे काका, कापलेला हात टॉवेलात, आणि चांगला हात बाबांच्या पोटाभोवती, ते पडू नयेत म्हणून. ज्ञानूआप्पा अर्ध्या दाढीनिशी दुकान राखायला थांबले.

"नीट धर की," बाबा वाटेत म्हणाले.

"धरलंय," काका म्हणाला. "तू सरळ बस."

सतरा वर्षांत दोघं एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते हे.

दवाखान्यात काकाला नऊ टाके पडले, माझ्या कानाला दोन. बाबांच्या हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण बोटं पहिल्यासारखी वळायची नाहीत. बाबांनी विचारलं, "वस्तरा?" डॉक्टर प्लास्टर गुळगुळीत करत राहिले.

मग हवालदार आला. अशा केसेस दवाखान्यातून पोलिसांना कळवाव्या लागतात. तो टेबलावर कागद पसरून बाबांसमोर बसला.

"हात कुणी मोडला?"

"दिनकर काशीद," बाबा लगेच म्हणाले. "ह्यो. भाऊ माझा."

मी काकाकडे बघितलं. मला वाटलं आता हा उठेल, टेबल उलटं करेल. तो नुसता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसला. त्याला सवय होती. हवालदारानं 'दिनकर' लिहायला घेतलं. 'दि' लिहून झाला.

"मी मोडला," मी म्हणालो.

पेन थांबलं. "तू कोण?"

"मुलगा."

"बापाचा हात मोडलास? का?"

"मला डावा मोडायला सांगितला होता," मी म्हणालो. "तपासलं तर उजवा निघाला."

हवालदारानं बाबांकडे बघितलं. बाबा माझ्या डोक्याला बांधलेल्या नॅपकिनकडे बघत होते. एक माशी प्लास्टरवर बसली, उडाली, पुन्हा बसली.

"खोडा ते," बाबा म्हणाले. "कुणी न्हाई मोडला. गाडीवरनं पडलो."

"आणि ह्यांचा हात?"

"मीबी पडलो," काका म्हणाला. "त्याच गाडीवरनं."

"आणि हे?" हवालदारानं पेनानं माझ्या डोक्याकडे दाखवलं. नॅपकिनच्या एका बाजूनं केस लोंबत होते, दुसऱ्या बाजूनं नव्हते. "पडल्यावर ह्याचे अर्धेच केस उडाले?"

मी नॅपकिन सारखा केला. त्यानं कागद चुरगाळला, दुसरा घेतला आणि 'दुचाकी घसरून' एवढं लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. बाबांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

बाहेर लिंबाखाली काकानं ड्रेसिंगवाल्याकडून कात्री मागून आणली. पट्ट्या कापायची, बोथट.

"बस," तो मला म्हणाला. "अर्धं डोकं घिऊन घरी जायाचं न्हाई."

मी पारावर बसलो. काकाचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. त्यानं कात्री उजव्या बोटांच्या टोकांत धरून बघितली, जमेना. मग उभा राहिला तसाच. मग कात्री डाव्या हातात घेतली. पहिले दोन-चार कातर हवेतच मारले. मग माझ्या डोक्याला हात लावला. त्या बोथट कात्रीनं त्यानं उरलेली बाजू इतकी अलगद उतरवली की केस कापल्याचं मला कळत नव्हतं, फक्त खाली पडलेले दिसत होते. बाबा पायरीवर बसून बघत होते.

"मधलं उघडं पडलंय," काका म्हणाला. "बाजूचं थोडं लांब ठिवून वरनं वळवतो. झाकलं जाईल."

"नको," मी म्हणालो. "सगळंच बारीक करा."

काकानं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान फिरवली. काकानं सगळं बारीक केलं.

तो एसटीनं परत गेला. आप्पांची अर्धी दाढी राहिली होती. मी आणि बाबा मोटारसायकलवर निघालो. दुपारचं ऊन होतं. डोक्यावर नॅपकिन नव्हता, मागच्या त्या खड्ड्याला वारा लागत होता, आणि बाबांचे डोळे त्याच्यापासून एक वीत अंतरावर होते. एवढ्या जवळून, हातात कात्री नसताना, त्यांनी ती खूण कधी बघितली नसेल. दुसरीकडे बघायचं तर मान वळवावी लागली असती, आणि प्लास्टरमुळे तोल जात होता. चौदा किलोमीटर.

सूतगिरणीच्या फाट्याशी रस्ता फार वाईट आहे. मी आरशात बघून म्हणालो, "बाबा, डाव्या हातानं माझा खांदा धरा. खड्डे हायत."

त्यांचा एकच हात चालत होता. तो खांद्यावर आला नाही. तो वर गेला आणि माझ्या डोक्याच्या मागे, त्या उघड्या जागेवर सपाट टेकला. गाडी खड्ड्यांतून उडत होती, बाबा कशालाही न धरता मागे हेलकावत होते, आणि हात हलला नाही. रेठवडीचं स्टँड येईपर्यंत त्यांनी तो तसाच ठेवला.

आता दुकान मी चालवतो. माझे केस काकाच कापतो, डाव्या हातानं, मंगळवार सोडून कधीही. त्या दिवशी बाबांनी हात कशासाठी ठेवला होता, उन्हासाठी की लोकांनी बघू नये म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. ऊन मात्र त्या दिवशी समोरून होतं.